बंपरच्या ओरखड्याचे साडेदहा हजार

वाचकाचं पत्र:

गाडी माझ्या नावावर आहे. 2018 च्या दिवाळीत घेतलेली, 1,197 सीसीची पेट्रोल हॅचबॅक. मी पार्ल्याहून चर्चगेटला लोकलनेच जाते, त्यामुळे गाडी बहुतेक वेळा माझा चोवीस वर्षांचा मुलगा चालवतो. वर्षभरात तीन ई-चलानं आली. दोन वेगाची, एक सी लिंकवरचं आणि एक कोस्टल रोडवरचं, आणि एक हायवेला सिग्नल तोडल्याचं. आता विमा रिन्यू करायची वेळ आली, तर गेल्या वर्षीच्या 8,751 रुपयांचे थेट 12,999 झाले. एजंट म्हणतो, ‘मॅडम, चलानांमुळे रेकॉर्ड खराब झालंय.’ कॅलिफोर्नियातली बहीणही म्हणाली, त्यांच्याकडे एक तिकीट लागलं की विमा वाढतो. या फेब्रुवारीत सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला मागचा बंपर घासला, त्याचा छोटा क्लेम घेतला होता. 9,800 च्या बिलातले 6,300 मिळाले. त्यामुळे तर एवढा फरक पडणार नाही ना? एजंट म्हणतो कंपनी बदलू, पन्नास टक्के बोनस लावून देतो, तिकडे कुणाला कळतंय. मिस्टरांना ते पटलंय, मला भीती वाटते. शिवाय मुलाला पुढच्या वर्षी स्वतःची गाडी घ्यायची आहे. माझा बोनस त्याला देता येईल का?
– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

ताई,

तुम्ही दोन्ही वर्षांच्या पॉलिसीचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक नुसता शेवटचा आकडा कळवतात आणि ‘का वाढला’ विचारतात. तुमच्या कागदांवर उत्तर छापलेलंच आहे. चलानांनी या 4,248 रुपयांमधला एक रुपयाही वाढवलेला नाही. सगळी वाढ त्या बंपरची आहे.

कागद समोर घ्या आणि माझ्याबरोबर वाचा. हप्त्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा किंवा नुकसान केलं तर त्याची भरपाई. दुसरा ओन डॅमेजचा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचा. थर्ड पार्टीचा आकडा दोन्ही वर्षी 3,416 आहे. तो कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी कारसाठी 1 जून 2022 पासून हा दर लागू झाला. त्यात चालकाच्या गुणांचा हिशेबच नाही. जन्मात हॉर्न न वाजवणाऱ्या गृहस्थालाही 3,416 आणि रोज रात्री लिंकिंग रोडवर शर्यत लावणाऱ्यालाही 3,416.

आता दुसरी ओळ. ओन डॅमेजचा मूळ हप्ता गेल्या वर्षी 8,000 होता. त्यावर 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, वजा होऊन राहिले 4,000. यंदा गाडी एक वर्षाने जुनी झाली, तिची विमा किंमत उतरली, म्हणून मूळ हप्ता उलट कमी होऊन 7,600 झालाय. पण बोनसच्या रकान्यात शून्य. म्हणून पूर्ण 7,600. फरक 3,600, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 648. बेरीज करा: 4,248. पैसा इकडे-तिकडे नाही.

एजंटने चलानांवर का ढकललं, हे मी सांगू शकत नाही. पण मी विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे गाडीचं नुकसान तपासणारा माणूस, म्हणून माहीमपासून मुलुंडपर्यंतच्या गॅरेजांमध्ये आयुष्य काढलंय, आणि एक गोष्ट पाहिली आहे: क्लेमचा फॉर्म भरून देताना ‘यामुळे तुमचा बोनस जाईल’ हे वाक्य फार थोडे जण उच्चारतात. तेव्हा जे सांगितलं नाही ते वर्षाने सांगणं अवघड जातं.

तुमच्या बहिणीचं मात्र बरोबर आहे, तिच्या गावापुरतं. कॅलिफोर्नियात 1988 साली लोकांनी मतदान करून प्रस्ताव 103 मंजूर केला. त्यानुसार विम्याचा दर ठरवताना सगळ्यांत आधी चालकाचा सुरक्षिततेचा इतिहास, मग वर्षाला किती मैल गाडी चालते, मग गाडी चालवण्याचा अनुभव, असा क्रम कायद्यानेच घालून दिलाय. चांगल्या चालकाला किमान 20 टक्के सूट द्यावीच लागते. तिथे वेगाचं तिकीट लागलं की लायसनवर एक पॉइंट चढतो आणि साधारण तीन वर्षं तो विमा कंपनीला दिसत राहतो. तुमच्या चुकीने अपघात झाला तर त्याचाही पॉइंट. तिथे दराची मुख्य दोरी गाडी चालवणाऱ्या माणसाला बांधलेली आहे.

आपल्याकडे ती गाडीला आणि तिच्या मालकाला बांधलेली आहे. घरात कोण चालवतं, त्याचं वय काय, हे तुमच्या पॉलिसीवर कुठे दिसतंय का बघा. नाही दिसणार. वैध लायसन असलेला कुणीही तुमच्या परवानगीने गाडी चालवू शकतो, आणि त्याने काही केलं तर ते तुमच्या खात्यावर. चलानाचंही तसंच आहे. सी लिंकवरचा कॅमेरा नंबर प्लेटचा फोटो काढतो, चिरंजीवांच्या चेहऱ्याचा नाही. तीनही चलानं तुमच्या नावावर आली आहेत, आणि तुम्ही त्या वेळी कदाचित बोरिवली लोकलमध्ये उभ्या असाल. अशा नोंदीवरून विमा कंपनीने दर ठरवायचा म्हटला तरी तो कुणाचा ठरणार, हा प्रश्न आहेच.

याचा अर्थ कुणी विचारच केला नाही असं नाही. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने नेमलेल्या गटाने जानेवारी 2021 मध्ये एक मसुदा पुढे आणला. वाहतूक नियम मोडण्याबद्दल वेगळा हप्ता घ्यावा, गुन्ह्याप्रमाणे गुण द्यावेत, दारू पिऊन चालवण्याला सगळ्यांत जास्त आणि चुकीच्या पार्किंगला सगळ्यांत कमी, आणि सुरुवात दिल्लीत प्रयोग म्हणून करावी, असं त्यात होतं. तो देशभर लागू झालेला नाही. विषय अधूनमधून पुन्हा डोकं वर काढतो. उद्या नियम आलाच तर तुमच्या पॉलिसीवर त्याची स्वतंत्र ओळ दिसेल. आज तुमच्या कागदावर तशी ओळ नाही, म्हणून मी इतकं ठामपणे बोलतोय.

तर आपल्याकडे ‘रेकॉर्ड’ म्हणजे क्लेमचं रेकॉर्ड. ते कसं चालतं हे नीट समजून घ्या, कारण तुमचे खरे पैसे तिथे जातात.

नो क्लेम बोनस ही पाच पायऱ्यांची शिडी आहे. पहिलं वर्ष क्लेमविना गेलं की 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. तुम्ही 2018 पासून चढत चढत 2023 च्या दिवाळीला वर पोचला होतात. एक क्लेम घेतला की एक पायरी खाली येत नाही, थेट जमिनीवर. क्लेम सहा हजारांचा की साठ हजारांचा, याने फरक पडत नाही. चूक तुमची की दुसऱ्याची, यानेही नाही. लोकांना हे सगळ्यांत जास्त टोचतं. रस्त्याकडेला नीट उभ्या केलेल्या गाडीला टेम्पोने ठोकलं आणि पळाला. तुम्ही तुमच्या पॉलिसीवर दुरुस्ती करून घेतलीत, तर बोनस गेला. कॅलिफोर्नियात ‘चूक कुणाची’ याला महत्त्व आहे. इथे ‘पैसे कुणाच्या पॉलिसीतून गेले’ एवढंच पाहतात. (ठोकणारा सापडला तर त्याच्या थर्ड पार्टीतून भरपाई मागता येते, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. दरवाजाच्या पोच्यासाठी तिथे खेटे घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.)

आता तुमच्या बंपरचा पूर्ण हिशेब. क्लेम घेतला नसता तर तुमचा बोनस दरवर्षी 50 टक्के राहिला असता. आता पुढच्या पाच रिन्युअलना तो 0, 20, 25, 35, 45 असा असेल आणि सहाव्याला पुन्हा 50. म्हणजे दरवर्षीची तूट 50, 30, 25, 15 आणि 5 टक्के. एकूण 125. सोप्या मराठीत, एका वर्षाच्या मूळ ओन डॅमेज हप्त्याच्या सव्वापट. तुमचा मूळ हप्ता दरवर्षी चारशेने उतरत जाईल असं धरलं तर ही तूट 3,800 अधिक 2,160 अधिक 1,700 अधिक 960 अधिक 300, म्हणजे 8,920 होते. जीएसटी धरून साडेदहा हजारांच्या थोडी वर.

6,300 रुपये मिळवण्यासाठी तुम्ही साडेदहा हजार मोजताय, तेही पाच वर्षांच्या हप्त्यांनी, ज्यावर कुणी लिहिलेलं नाही की हे बंपरचे आहेत.

आणि 9,800 चे 6,300 कसे झाले तेही सांगतो, कारण बिल तुम्ही जोडलंय. बंपर प्लॅस्टिकचा, त्याची किंमत 4,200; प्लॅस्टिक आणि रबरच्या भागांवर घसारा सरसकट 50 टक्के, म्हणून 2,100 कापले. पेंटिंगच्या 3,200 पैकी पाव हिस्सा रंगाचा माल धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणजे 400. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे 1,000 रुपये सक्तीने स्वतःचे घालावे लागतात. झाले 3,500. आधुनिक गाडीत मुंबईच्या गर्दीत घासतात ते भाग नेमके प्लॅस्टिकचे असतात: बंपर, आरशाचं कव्हर, चाकावरचं अस्तर. म्हणजे जिथे नुकसान वारंवार होतं तिथेच कंपनी निम्मे देते. झिरो डेप्रिसिएशनचं, म्हणजे घसारा न कापणारं, जादा कव्हर असतं तर घसाऱ्याचे अडीच हजार वाचले असते, पण बोनस तेव्हाही गेलाच असता.

तर मग क्लेम घ्यायचाच नाही का? घ्यायचा की. विमा त्यासाठीच आहे. फक्त गॅरेजवाल्याकडून त्याच दिवशी एस्टिमेट घ्या, त्यातून घसारा आणि हजार रुपये वजा करा, आणि जे उरतं ते सव्वापटीच्या वर जातंय का बघा. वर जात असेल तर कंपनीला लगेच कळवा, उशीर करू नका. खाली असेल तर खिशातून करा. ‘मॅडम, कॅशलेस आहे, तुमचा एक रुपया जात नाही’ असं गॅरेजवाला म्हणेल. त्याच्या दृष्टीने ते खरंच आहे. कंपनीचं बिल त्याला सोयीचं पडतं.

एक महत्त्वाचा अपवाद. हा सगळा हिशेब पत्रा आणि प्लॅस्टिकचा आहे. कुणा माणसाला लागलं असेल, अगदी ‘काही नाही हो, खरचटलंय’ असं तो म्हणाला तरी, कॅल्क्युलेटर खाली ठेवा. त्याला दवाखान्यात न्या, पोलिसांना कळवा, विमा कंपनीला कळवा. रस्त्यावर पाचशेची नोट देऊन मिटवलेलं प्रकरण सहा महिन्यांनी नोटीस होऊन घरी येतं आणि तेव्हा कंपनी विचारते, आम्हाला तेव्हाच का नाही सांगितलं.

आता या वर्षीची तुमची स्थिती वेगळी आहे, आणि याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तुम्ही जमिनीवरच आहात. शिडीवरून पडायची भीती फक्त वर असलेल्याला. या पॉलिसीत पुन्हा काही झालं तर गमावण्यासारखं थोडंच आहे: पुढच्या पाच वर्षांची तूट 20, 5, 10, 10, 5, म्हणजे मिळून 50 टक्के. निम्म्या वर्षाचा मूळ हप्ता, जीएसटी धरून सुमारे साडेचार हजार. त्यामुळे यंदा पाच-सहा हजार हातात येणार असतील तर क्लेम परवडेल; तीच रक्कम तीन वर्षांनी परवडणार नाही. अर्थात वर्षाला दोन-दोन क्लेम दिसले की कंपनी मूळ हप्त्यावर देत असलेली सूटच आखडते. ओन डॅमेजचा दर 2007 पासून मोकळा झालाय, सूट किती द्यायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. तेव्हा मोकळीक आहे म्हणून जुने सगळे पोचे काढून घेऊ नका. आणि वेगवेगळ्या दिवशीचे पोचे एका क्लेममध्ये घालताही येत नाहीत. सर्व्हेअरला गंजलेला ओरखडा आणि ताजा ओरखडा ओळखता येतो. इतकं तरी आम्हाला येतं.

बोनस वाचवणारं एक जादा कव्हरही विकलं जातं. हातात बोनसच नसताना त्याला पैसे घालू नका. तीन-चार वर्षांनी पुन्हा वरच्या पायऱ्यांवर आलात की विचार करा.

आता एजंटच्या त्या ‘पन्नास टक्के लावून देतो’बद्दल. नाही. मिस्टरांनाही हा परिच्छेद वाचून दाखवा. नव्या कंपनीचा फॉर्म भरताना तुम्ही जाहीर करता की गेल्या पॉलिसीत क्लेम नव्हता आणि सांगितलेला बोनस बरोबर आहे. ऑनलाइन असेल तर त्या एका ओटीपीने ती तुमची सही होते, एजंटची नाही. त्याच घोषणेत पुढे असतं की हे खोटं निघालं तर ओन डॅमेज विभागाखालचे सगळे लाभ जप्त. कंपन्या एकमेकींकडून बोनसची खात्री करून घेतात, आणि क्लेमची माहिती एकत्र ठेवणारी विमा माहिती संस्थाही आता आहे. हप्ता स्वीकारताना कुणी बघणार नाही कदाचित. बघतील ते मोठा क्लेम आल्यावर. मी स्वतः अशा फायली हाताळल्या आहेत: 3,000 रुपये वाचवलेले आणि समोर लाखाच्या वर नुकसान झालेली गाडी. मालक म्हणायचा, मला माहीतच नव्हतं, एजंटने केलं. सही मात्र त्याचीच.

कंपनी बदलायला माझी हरकत नाही. शून्य बोनस खरा सांगून तीन-चार ठिकाणी दर विचारा. मूळ हप्त्यावरची सूट कंपनीगणिक वेगळी असते, थर्ड पार्टीचे 3,416 मात्र सगळीकडे तेच. तुलना करताना गाडीची विमा किंमत सारखीच आहे ना ते पाहा. ती कमी लावून हप्ता स्वस्त दाखवणं ही जुनी युक्ती आहे. आणि जुनी पॉलिसी संपायच्या आत नवी घ्या. एक दिवसाचाही खंड पडला तर गाडीची पाहणी लागते, नव्वद दिवस उलटले तर जो काही बोनस असेल तो संपतो, आणि मधल्या काळात विनाविमा रस्त्यावर सापडलात तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

तुमच्यासाठी एक गोष्ट खास विचारण्यासारखी आहे. जुलै 2022 पासून कंपन्यांना ‘जितकी चालवाल तितकं भरा’ आणि ‘जशी चालवाल तसं भरा’ अशी जादा कव्हरं द्यायची परवानगी मिळाली. पहिल्यात वर्षाला किती किलोमीटर ते आधी सांगायचं आणि त्यानुसार सूट. लोकलने कामावर जाणाऱ्या घरातली शनिवार-रविवारची गाडी यात नेमकी बसते. ओडोमीटरवर गेल्या दोन वर्षांत किती वाढले ते पाहून टप्पा निवडा, आणि टप्पा ओलांडला तर काय हे आधी लेखी विचारा. दुसऱ्या प्रकारात फोनमधलं अॅप किंवा गाडीत बसवलेलं छोटं यंत्र वेग, करकचून मारलेले ब्रेक असलं टिपतं. आपल्याकडे खऱ्या अर्थाने ‘चालवण्याचं रेकॉर्ड’ हप्त्याला भिडतं ते इथेच. चिरंजीवांची तीन चलानं पाहता सध्या पहिल्यावरच थांबा.

मुलाच्या गाडीचं सोपं आहे. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तुम्ही ही गाडी विकून स्वतःच्या नावावर नवी घेतलीत तर तो बरोबर नेता येतो. त्यासाठी जुन्या कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. (गाडी डीलरला देऊन टाकताना हे पत्र मागायचं किती जण विसरतात, विचारू नका.) पण मुलाच्या नावावर तो जिवंतपणी जात नाही. वारसाने गाडी आली तरच. आणि ताई, तसंही आज तुमच्याकडे द्यायला बोनस आहे कुठे?

माझं ऐकाल तर त्याची गाडी त्याच्याच नावावर घ्या. आईच्या नावावर घेऊ म्हणजे स्वस्त पडेल, असा सल्ला कुणी देईल. त्याने होतं इतकंच की त्याने घासलेल्या प्रत्येक बंपरला तुमची शिडी कोसळते. स्वतःच्या नावावर 20 टक्क्यांची पहिली पायरी चढायला वर्ष लागतं हे कळलं की खांबाकडे जरा बघून गाडी मागे घेतली जाते.

राहिली चलानं. हप्त्याशी संबंध नाही म्हणून ती ठेवून देऊ नका. विम्याशी त्यांचा संबंध मागच्या दाराने येतो. सिग्नल तोडणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या वेळी हजार ते पाच हजार दंड किंवा कैद, तीन वर्षांत पुन्हा तेच केलं तर दंड दहा हजार. वेगाच्या दुसऱ्या गुन्ह्याला कलम 183 प्रमाणे लायसन अडकवून ठेवता येतं. आणि लायसन निलंबित असताना चिरंजीव गाडी घेऊन निघाले आणि धडक झाली, तर ओन डॅमेजचा क्लेम कंपनी सरळ नाकारू शकते. थर्ड पार्टीची भरपाई न्यायाधिकरण कंपनीला द्यायला लावू शकतं, पण मग कंपनी ती वसूल करायला तुमच्या दारात येते, कारण गाडी तुमची. दारूचंही तेच. रक्ताच्या 100 मिलीलीटरमध्ये 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की पत्र्याचे पैसे विसरायचे. ‘एकच बिअर’वाल्यांना हे माहीत नसतं.

चलानं तुमच्या नावावर आहेत, त्यामुळे त्या वेळी गाडी कोण चालवत होतं असं पोलिसांनी विचारलं तर कलम 133 प्रमाणे ते सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. परिवहनच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अॅपवर गाडीचा नंबर टाकून तिन्ही पाहा आणि भरून टाका. एखादं चुकीचं वाटत असेल तर फोटो उघडून नंबर प्लेट तुमचीच आहे ना ते बघून तक्रार करा. लोकअदालतीत कमी होईल म्हणून थांबणारे पुष्कळ आहेत. त्यात कधीकधी सवलत मिळते हे खरं, पण तीन चलानांसाठी वर्षभर वाट पाहण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. आणि व्हॉट्सअॅपवर चलान म्हणून आलेली फाइल उघडू नका. पोलीस अॅप डाउनलोड करायला सांगत नाहीत, चोर सांगतात. दंड मुलाच्या पगारातून जाऊ दे.

पावसाळ्याचं एक सांगतो, कारण मुंबईत मोठा क्लेम बहुधा पाण्याचाच येतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस पडला, त्यानंतरचे कित्येक महिने मी फक्त बुडालेल्या गाड्या पाहत होतो. माझीही त्यात होती. पाणी ओसरल्यावर मी काय केलं? वीस वर्षांचं ज्ञान खिशात ठेवून चावी फिरवली. इंजिनात पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकला, आणि ज्या कंपनीसाठी मी इतरांच्या फायलींवर ‘चालू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेलं नुकसान’ असा शेरा मारायचो, त्याच शब्दांत माझा क्लेम छाटला गेला. बरोबरच छाटला. साध्या पॉलिसीत सीट, वायरिंग वगैरे भिजल्याचे मिळतात. पाण्यात चालू करून फोडलेल्या इंजिनाचे मिळत नाहीत, त्याला इंजिनाचं वेगळं कव्हर लागतं. तुमची पार्किंग तळघरात असेल किंवा मुलगा मिलन सबवे नाहीतर अंधेरी सबवेतून जात असेल, तर ते कव्हर विचारा. तुमच्या गाडीच्या वयाला कंपनी देते का, हे विचारावंच लागेल. आणि त्याला सांगून ठेवा: पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही, ढकलून बाहेर काढायची आणि टो करणाऱ्याला फोन.

असा क्लेम आला तर बोनसचा विचार करू नका, घ्या. इंजिनापुढे सव्वापट काहीच नाही.

12,999 भरण्याआधी एवढं करा: एजंटकडून मूळ हप्ता, सूट आणि बोनस अशा तीन ओळी वेगळ्या लिहून मागा, दोन दुसरे दर त्याच्या समोर ठेवा, मग बघा तो किती उतरतो. चलानांचं कारण पुन्हा सांगितलं तर ‘कुठल्या ओळीत?’ एवढंच विचारा.

आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये त्या खांबाला रबराचे कोपरे बसवायचा विषय काढा. आमच्याकडे दादरला बसवलेत. बसवल्यापासून चार जणांनी ठोकलंय, बंपर सगळ्यांचे शाबूत आहेत.